रुमालाखालचा रविवार

समोरच्याने भाव सांगायला तोंड उघडलं, की आमचे सर खिशातून रुमाल काढायचे. पांढरा, निळ्या काठाचा. तो उजव्या हातावर पसरून हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "तोंडानं नगं. हितं सांगा." पुण्याहून आलेला एखादा नवखा विक्रेता गोंधळून त्या रुमालासकट त्यांच्याशी हस्तांदोलन करायचा आणि आमचं अख्खं ऑफिस माना खाली घालून हसायचं.

वाळूजच्या एका कारखान्यात ते खरेदी विभागाचे प्रमुख होते. मी शेजारच्या टेबलावर, स्टोअरचं काम पाहणारा. कंपनीचा पैसा वाचवता वाचवता ज्याचा स्वभावच तसा होऊन बसतो, असा माणूस तुम्हीही एखाद्या कचेरीत पाहिला असेल. नवा शर्ट घालून गेलात तर "पडला कितीला?" मुलगी पास झाल्याचे पेढे दिलेत तर पेढा तोंडात टाकता टाकता "पडला कितीला किलो?" माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा ते शहाळं घेऊन दवाखान्यात आले होते. मी अजून गुंगीत होतो, तरी पहिला प्रश्न तोच होता.

रुमालाची रीत मात्र पाचोडच्या रविवारच्या बाजारातली. सर मूळचे तिथल्याच एका वस्तीवरचे, मेंढपाळाच्या घरातले. तिकडे शेरडामेंढरांचा सौदा बोलून होत नाही. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरतात, बोटांवरूनच आकडा सांगतात, बोट मिटवून तो कमी करतात. भोवतीच्या गर्दीला काही कळत नाही. सौदा मोडला तरी कोणाची शोभा होत नाही, आणि जमला तरी भाव कोणी बाहेर सांगत नाही.

मी गुलमंडीतल्या कापडदुकानदाराचा मुलगा. आमच्याकडे भाव रस्त्यापलीकडे ऐकू जातो. मी त्यांना डिवचायचो, "सर, त्यात एवढं झाकायचं काय असतं हो?"

"भाव नाय भाऊ, लाज. माणसाची लाज झाकाया लागती."

पन्नाशीला टेकले असताना त्यांच्या डोक्यात डॉक्टरेटचं आलं. नोकरी करणाऱ्यांसाठी व्यवसायातली अर्धवेळ डॉक्टरेट शहरात सुरू झाली होती. वर्ग रविवारी, दिवसभर. मुदत तीन वर्षं. विषय तर त्यांच्या खिशातच होता, रुमालाखालचा सौदा. "आमच्या बापजाद्यांनी जे केलं ते कुठं तरी शहाण्या भाषेत लिहून ठिवावं," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी कोणालाच कशाचा भाव विचारला नाही. मला मनापासून आनंद झाला.

पण खरेदीवाला तो खरेदीवालाच. तीन संस्थांची कोटेशनं मागवून त्यांनी रीतसर तक्ता केला. दर, कर, अटी. 'माल मिळण्याची मुदत' या रकान्यात लिहिलं, 'तीन वर्षे, गिऱ्हाईक टिकल्यास'. मग एका संस्थेतल्या मुलीला फोन लावला.

"ताई, पेमेंट माल आल्यावर. आमच्यात तसंच असतंय."

"सर, डिग्री म्हणजे माल नाही."

"बरं. दोघं आलो तर काय कमी व्हईल? शेजारचा भाऊ बी तयार हाय."

मी टेबलावरून दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत होतो. ती बिचारी शांतपणे सांगत होती की सर, तुमच्या नावाआधी डॉक्टर लागेल. "ते लावलं तर आमच्या गावची लोकं शेरडं घिऊन दारात येतील," सर म्हणाले आणि स्वतःच खोखो हसले.

फीच्या पैशांत एक बरी चारचाकी आली असती. पण पैशांचं घरी जमलं होतं. वहिनींनी एका वाक्यात निकाल दिला होता, "घ्या शिकून. गाडी आली तर रस्त्याभर पेट्रोलचा भाव ऐकावा लागंल मला." फंडातून कर्ज मिळत होतं. तरी तक्ता आठवडाभर टेबलावर तसाच पडून राहिला. मी रोज विचारायचो, ते रोज म्हणायचे, "एक खर्च लावायचा राहिलाय."

तो खर्च काय, हे मला पाचोडला कळलं. दर रविवारी सर मोटरसायकल काढून वडिलांकडे जात. म्हाताऱ्याचे गुडघे गेल्यावर मेंढरं विकून टाकली होती, आई केव्हाच गेली होती. विकायला काही नसलं तरी म्हातारा बाजारात यायचा, लिंबाखाली बसायचा आणि लेकाची वाट बघायचा. लेक आला की दोघं भजी खात आणि दुसऱ्यांचे सौदे बघत. बोलणं फारसं नाही. म्हाताऱ्याचा आठवडा त्यावर चालायचा.

एका रविवारी मीही मागच्या सीटवर बसून गेलो. ऊन, धूळ, शेरडांची बेंबें. लिंबाखाली म्हाताऱ्याभोवती चार जुने सोबती बसले होते. त्यांनी माझ्यासाठी पोतं झटकून टाकलं. भजी संपली, तसे सर एकदम म्हणाले, "बा, मी पुन्यांदा साळंत जाऊ म्हंतोय."

"जा की. चांगलंच हाय."

"रईवारी असती साळा."

म्हाताऱ्याने हातातला भज्यांचा कागद चुरगाळला. "मंग बाजारला?"

"जमायचं नाय."

म्हाताऱ्याने खांद्यावरचं उपरणं काढलं, दोघांच्या हातांवर टाकलं. उपरण्याखाली काहीतरी हललं, थांबलं, पुन्हा हललं. मला दिसत होते ते फक्त सरांचे डोळे. ते बापाच्या तोंडाकडे बघत होते आणि बाप समोरच्या बोकडाकडे. मग म्हाताऱ्याने उपरणं उचललं, झटकलं आणि म्हणाला, "च्या सांगा रं पाव्हण्याला."

परतताना सरांनी अर्ध्या वाटेत गाडी थांबवली. पाणी प्यायले. सौदा बाहेर सांगायचा नसतो, पण त्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"मी तीन बोटं दिली, भाऊ. तीन सालं. बानं दोन मिटवली."

"म्हणजे?"

"एका सालाची खातरी हाय जिवाची, म्हनला. तीन मागू नगंस." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "तोंडानं बोलला असता तर लोकात रडला असता म्हातारा. मी बी रडलो असतो."

सोमवारी तक्ता फाईलला लागला. ऑफिसात त्यांनी सांगितलं, "परवडत नाय." लोकांना वाटलं, चिक्कू माणूस, फी ऐकून पळाला. मी चिडलो होतो, कोणावर ते धड कळत नव्हतं. म्हाताऱ्यावर, संस्थेवर, रविवारावर. एवढा चांगला विषय वाया गेला असंच मला वाटायचं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, "विषय लिंबाखाली बसलाय. कुठं पळतोय?"

गंमत म्हणजे एक वर्ष सरलं आणि म्हाताऱ्याला काही झालं नाही. दुसरं सरलं. तिसरंही. सोमवारी सर कौतुकाने तक्रार करायचे, "फसवलं राव म्हाताऱ्यानं. कालच्याला दोन पलेटी भजी खाल्ली." मी म्हणायचो, आता तरी नाव घाला. ते मान हलवायचे. "सौदा चालू हाय अजून."

मग आणखी काही वर्षांनी एका हिवाळ्यात म्हातारा झोपेतच गेला. सर दिवस करून कामावर आले, डोक्यावरचे केस काढलेले, चेहरा लहान झालेला. विक्रेते येत, भाव तोंडाने सांगत, सर मान हलवत. रुमाल निघत नव्हता. गेटवरचा वॉचमन मला म्हणाला, "साहेब रईवारी बी येतात. नुसते बसून राहतात." हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

उन्हाळ्यात त्यांनी प्रवेश घेतला. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता, फी वाढली होती. संस्थेत मी सोबत होतो. खिडकीतल्या माणसाने आकडा सांगितला आणि मी सवयीने सरांच्या खिशाकडे बघितलं. त्यांनी रुमाल न काढताच पैसे भरले. कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करणारा हा माणूस. मला ते बघवेना.

पहिल्या रविवारी मीच त्यांना स्कूटरवर सोडलं. नवी बॅग, इस्त्रीचा शर्ट, आजूबाजूला त्यांच्या मुलीच्या वयाची माणसं. मला काहीतरी हलकं बोलायचं होतं. त्यांचंच वाक्य तोंडात आलं.

"काय सर, पडलं कितीला?"

त्यांनी रुमाल काढला. मी हात पुढे केला. पण त्यांनी तो पसरला नाही, घडी न उलगडताच डोळ्यांवर दाबला आणि परत खिशात ठेवला.

"फुकट पडलं, भाऊ," ते म्हणाले. "रईवार रिकामाच झालाय आता."

आणि बॅग सावरत जिना चढून आत गेले. माझा हात अजून पुढेच होता.