सख्ख्या भावाची कानपिळी

लेकीच्या लग्नात नवरदेवाचा कान पिळायला कुत्र्याला उभं करणारा रत्नागिरीतला पहिला बाप मीच असणार. दुसरा कोणी असेल तर त्याने पुढे यावं, मी चहा पाजतो.

कानपिळीला नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावतो, आणि नवरदेव त्याला काहीतरी भेट देतो. आमची लेक एकुलती एक. चुलतभाऊ तीन, तिघांचेही हात मुंबईपासून शिवशिवत आलेले. पण कन्या म्हणाली, "सख्खा असताना चुलत कशाला?" सख्खा म्हणजे आमचा गावठी कुत्रा. नऊ वर्षांपूर्वी कॉलेजच्या पिशवीत घालून तिने तो घरी आणला. दर राखीपौर्णिमेला त्याच्या पायाला राखी बांधते, आणि तो ती संध्याकाळपर्यंत खाऊन टाकतो.

मी ओरडलो. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, आवाज आहे माझा तसा. "लोक तोंडात शेण घालतील!" ती हसली. माझ्या ओरडण्याला या घरात कोणी भीक घालत नाही. हिची आई होती तेव्हा ती घालायची नाही, आता ही घालत नाही, आणि कुत्रा तर मी ओरडलो की उताणा पडून पोट खाजवून मागतो.

खरं सांगायचं तर मला कानपिळीचं काही नव्हतं. मला वेगळंच खात होतं. साखरपुड्यात लेकीने विहीणबाईंना विचारलं होतं, कुत्र्याला पुण्याला आणू का? त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सवय नाही गं. लग्नात बघते कसा वागतो, मग सांगते." म्हणजे चिरंजीव मांडवात शहाण्यासारखे वागले की लेकीबरोबर तेही चालले, आणि घरात मी एकटा. हिची आई गेल्यापासून रोज सकाळी सहाला भाट्याच्या किनाऱ्यावर मी त्यालाच घेऊन जातो. गावातल्या सगळ्यांविषयी जे बोलायचं ते त्याच्याशीच बोलतो. तो बाहेर कुठे बोलत नाही.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मी खालूबाजा ठरवला. ढोल, टिमकी, सनई, आमच्याकडचं जुनं वाजप. ढोल वाजला की आमचा कुत्रा थैमान घालतो; शिमग्यात पालखी दारात आली तेव्हा त्याने एकदा शेजाऱ्यांचं धोतर फाडलं होतं. म्हटलं, वाजू दे. विहीणबाईंनी एकदा ते रूप बघितलं की पुण्याचा विषयच संपला. लेकीला सांगितलं, "परंपरा आहे गो ती आपली." ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि "बरं" म्हणाली.

लग्नाला दारातच मांडव. लेकीने कुत्र्याला आंघोळ घालून गळ्यात झेंडूची माळ घातली. वऱ्हाड आलं, बसलं, मी वाजपवाल्यांना डोळ्याने खूण केली आणि सगळे ढोल एकदम धडाडले. एवढे ढोल एका वेळी त्याने कधी ऐकले नव्हते. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, आणि शेपूट पायात घालून जो पळाला तो थेट विहीणबाईंच्या खुर्चीखाली. थरथरत त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून बसला. मी मनात म्हटलं, आता किंचाळा, बाई! बाई कुठल्या किंचाळतात? खाली वाकून त्याला कुरवाळायला लागल्या. "घाबरलं हो माझं बाळ! व्याही, आधी तो गोंगाट थांबवा!" कन्यादान होईपर्यंत तर त्या माझ्या वहिनीला सांगत होत्या, "हा आता आमच्याकडेच यायचा." मेल्याने वागू नये तेव्हाच नेमकं शहाण्यासारखं वागावं! आणि मीही काय, आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलेला.

कानपिळीची वेळ आली. लेकीने कुत्र्याचा पंजा नवरदेवाच्या कानाला लावला. त्याने पंजा सोडवून घेतला आणि कान चाटला, पार आतपर्यंत. मांडवात हशा पिकला, भटजींनीसुद्धा उपरण्यात तोंड लपवलं. जावयांनी खिशातून भेट काढली. चामड्याचा नवाकोरा पट्टा, त्याला पितळी बिल्ला, पुण्याहून काहीतरी कोरून आणलेला. "बाबा, तुम्हीच बांधा," ते म्हणाले. मी तोंड कडू करून चष्मा लावला. म्हटलं, बघूया तरी चिरंजिवांचा नवा पत्ता.

बिल्ल्यावर माझा मोबाईल नंबर होता.

मी तो दोनदा वाचला. लेक माझ्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "तो येत नाहीये, बाबा. तुम्ही खालूबाजा ठरवलात ना, त्याच दिवशी मी याला फोन करून सांगितलं. तुम्ही आणि परंपरा?" मग तिने कुत्र्याच्या गळ्यातली माळ सारखी केली. "मला हवा होता हो तो. पण तुम्हाला जास्त हवाय."

तीस वर्षं भरल्या गाडीत मी कोणापुढे नमलो नाही. आणि त्या भर मांडवात, नवरदेवाचा कान ओला, भटजी खोळंबलेले, अशात मी लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडलो. पाठवणीला अजून दोन तास होते.