नसलेल्या घरांचे दगड

विनूदादाचं पोस्टकार्ड आलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. "आपल्या जुन्या घराच्या जागी रस्त्यालगत दगड बसवला आहे. शिमग्याला पालखी येईल, जरूर या." हा माझा सख्खा चुलतभाऊ. जन्म गिरगावातला. त्या घरात एक रात्र झोपला नव्हता. मी तिथे बारा वर्षं वाढले होते. खोती गेल्यावर घर मोडलं, वासे-कौलं विकली आणि आम्ही मुंबईला आलो. ही दगडाची गोष्ट त्यानंतरची, साठ-बासष्टच्या सुमाराची.

"जायचंच," मी ह्यांना म्हटलं.

"दगड बघायला?" हे हसले. "की दगडावर कुणाचं नाव आहे ते बघायला?"

मी ट्रंक काढली.

पहाटेची एस.टी. पनवेल, पेण, माणगाव करत दुपारी महाडला टेकली. तेव्हा धूळ इतकी की अंबाडा सोडला तर डोक्याला भाकरीचं पीठ लागल्यासारखं वाटे. चवदार तळ्याजवळच्या खानावळीत वरणभात आणि सुकटीची चटणी खाल्ली. मुक्काम करणार असाल तर महाडलाच करा आणि जाताजाता सवच्या गरम कुंडात पाय बुडवून या, प्रवासाचा शीण जातो. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळची पोलादपूरची गाडी धरली.

त्या रस्त्यावर असे दगड पाच-सहा तरी दिसले. मुंबईला गेलेल्या एका घराण्याने बसवला की पुढच्या वर्षी शेजारच्या घराण्याचा येई, आणि तो वीतभर उंच असे. "येथे अमक्यांचा वाडा व सुपारीची बाग होती." मागे बघावं तर नुसती करवंदीची जाळी. मी खिडकीतून प्रत्येकाची उंची डोळ्यांनी मोजत होते.

पोलादपूरच्या अलीकडे उतरलो. आमचा दगड सगळ्यांत उंच होता. त्यावर पणजोबा, आजोबा, काका, माझे वडील आणि सगळ्यांत खाली, ठळक अक्षरांत, "उभारणारा: विनायक". माझं नाव नव्हतंच. मुलीचं कोण घालतं? माझा नुसता जळफळाट झाला.

आणि मग मला शेजारची दगडी डोण दिसली, गुरांना पाणी पाजायची. मी ह्यांचा हात धरला. "अहो, हा गोठा आहे."

"म्हणजे?"

"घर वर होतं, त्या आंब्याखाली. विनूदादाने पूर्वजांची नावं म्हशीच्या जागेवर लावलीत."

वरून पार्वती उतरत होती. आमची जमीन कसणाऱ्या जुन्या कुळाची सून. घराच्या रिकाम्या जोत्यावर त्यांनी आता खोपटं बांधलं होतं. तिने मला ओळखलं.

"तुमी सांगितलं का नाय त्याला?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"सांगितला ना," ती म्हणाली. "पन त्येस्नी रस्त्यावरनं दिसाया हवा होता. मंग म्हनलं, बसवा."

मी विनूदादाला एक अक्षर सांगितलं नाही. तो कडक इस्त्रीचा सदरा घालून हार-नारळ घेऊन दगडाशी उभा राहिला. ढोल जवळ आले. ग्रामदेवीची पालखी आली, दगडापाशी थोडी हलली आणि सरळ वरची पायवाट चढू लागली. विनूदादा नारळ सावरत मागे धावला. देव क्षमा करो, मला इतका आनंद लग्नातसुद्धा झाला नव्हता.

पालखी जोत्यावर टेकली. विनूदादाने नारळ पुढे केला. गुरवाने तो घेतला आणि बाजूला ठेवला.

"चूल कोनाची पेटते हितं?" त्याने विचारलं. "त्येचा नारळ आधी."

पार्वतीचा नारळ फुटला. देवीपुढचं गाऱ्हाणं तिच्या सासऱ्याच्या नावाने झालं, तिच्या गुरावासरांसाठी, तिच्या पोरांसाठी. मी आंब्याखाली उभी होते. माझी आई जिथे चुलीपुढे बसायची तिथून धूर येत होता. पार्वतीने मला हळदकुंकू लावलं, ओंजळीत तांदूळ आणि दुसरा नारळ दिला.

"ताई, तुमी बी ओटी भरा," ती म्हणाली, आणि गुरवाला सांगितलं, "माहेरवाशीन हाय माझी."

मी ओटी भरली.

परतीच्या गाडीत विनूदादा आमच्याच बाकावर होता. दगड पुढच्या वर्षी वर हलवायचा का, असं त्याने विचारलं. "राहू दे, तिथेच शोभतो," मी म्हटलं, आणि ह्यांनी खोकला आल्याचं निमित्त केलं.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर शिमग्यात जा, पाण्याची बाटली घ्या. रस्ता रुंद झाला तेव्हा तो दगड चार हात मागे सरकवला, पण अक्षरं अजून वाचता येतात. विनूदादाचा हेवा माझ्या मनातून त्याच दिवशी गेला. पार्वतीने मला माहेर दिलं, ते तिचं होतं म्हणून तिला देता आलं. तिचा हेवा मी अजून करते.