कुंडलिकचे ताठ बाण

निमगाव केतकीच्या एसटी स्टँडमागे, पत्र्याच्या शेडमध्ये, कुंडलिक सुतार लाकडी धनुष्यं आणि बांबूचे बाण करतो. कारागीर एक नंबर. माणूस म्हणाल, तर कारलं तुपात तळा नाहीतर साखरेत घोळा, कडू ते कडूच. गिऱ्हाइकानं उंबऱ्यात पाय टाकला की याच्या कपाळाला आठी.

त्याच्याकडून शबीनानं डझनभर बाण नेले होते. किराणावाल्या मुलाण्यांची ही सून दोन वर्षं तिरंदाजीच्या जिल्हा निवडीत थोडक्यात हुकली होती, आणि घरच्यांनी यंदा शेवटचं म्हणून बजावलं होतं. आठव्या दिवशी ती बाण घेऊन परत आली.

“तात्या, सगळे डावीकडं जात्यात.”

“बाण सरळ हाय. वाकडा तुजा हात हाय.”

“माजं धनुष्य हलकं हाय. त्याला हे लई ताठ व्हत्यात.”

कुंडलिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं बांबू तासलेल्या माणसाला तेलमीठ जोखणारी बाई शिकवणार? त्यानं स्वतःचं धनुष्य उचललं. ते ओढताना तरण्याताठ्या गड्यांनाही घाम फुटतो. भुशाच्या पोत्यावर त्यानं तीन बाण सोडले. तिन्ही मधोमध.

“बगितलंस? जा, मिरच्या तोल.”

त्याला कळत नव्हतं असं नाही. लाकडी धनुष्यावर बाण दांड्याच्या कडेनं सुटतो. सुटताना दांड्याला वळसा घालण्यापुरता वाकतो, मग सरळ होतो. जोरकस धनुष्य ताठ बाणालाही वाकवतं. हलक्याला ते जमत नाही, आणि बाण डावीकडे फेकला जातो. हे कुंडलिकच इतरांना दरडावून सांगायचा. पण त्याच्या लेखी जगात धनुष्य एकच, त्याचं स्वतःचं. वर चहाच्या टपरीवर सांगत सुटला, “मुलाण्यांच्या सुनंला नाचता येईना, म्हणून अंगण वाकडं!” इतका कोता माणूस.

निवडीच्या दिवशी तो पहिल्या एसटीनं बारामतीला गेला, केवळ तिची फजिती डोळ्यांनी बघायला. तिथं बारामतीच्या तिरंदाजी क्लबचे प्रशिक्षक मोहनराव भेटले. क्लबचे बाण यंदा कुणाकडून करून घ्यायचे, ते आज बघून ठरवणार होते.

शबीनाचा पहिला बाण निशाणाच्या मधल्या पिवळ्या गोलात बसला. दुसरा त्याला चिकटून. दुपारी यादी लागली, तेव्हा तिचं नाव वरून दुसरं होतं.

कुंडलिकनं रंग बदलायला क्षणाचाही वेळ लावला नाही. मोहनरावांना ओढतच तो निशाणापाशी घेऊन गेला. “शेपटाला लाल दोरा बगा. माजेच बाण!” म्हणत त्यानं एक बाण उपसला. बोटं मध्यावर आली आणि थांबली. काडी बारीक लागत होती.

“ह्याला हात कुणी लावला?” तो ओरडला.

“मी,” बाण गोळा करायला आलेली शबीना म्हणाली. “माजा येकच जुना बाण सरळ जायचा. तो दोन खिळ्यांवर आडवा ठिवला, मधी दुकानातलं किलोचं वजन टांगलं. किती वाकतोय ते बगितलं. मग तुमचा बाण तेवढाच वाकंस्तवर काचंनं तासला. बाराच्या बारा.”

“माजा बाण नासवलास तू!”

“बाण तुमचाच हाय, तात्या. मी निस्ता ताठा काढला.”

आजूबाजूची माणसं फिस्सकन हसली. मोहनरावांनी कुंडलिकच्या हातातला बाण घेतला, दोन्ही टोकांना धरून हलकेच वाकवून पाहिला.

“आमच्या पोरींना असले दोन डझन पायजेत,” ते म्हणाले. “कवा देताल?”

कुंडलिकनं घसा खाकरला आणि तारीख सांगायला तोंड उघडलं. मोहनरावांनी विचारलं होतं शबीनाला.