पाइपाखालची गाडी

महाळुंग्यात आमच्या कंपनीमागची टेकडी उभी कापलीय आणि ती खाली येऊ नये म्हणून दगडी भिंत बांधलीय. भिंतीलगतच पार्किंग. मागचं पाणी निघून जावं म्हणून भिंतीत पाइप ठेवलेत. पावसाळ्यात कोपऱ्यातल्या पाइपातून गढूळ पाणी सारखं गळतं. सीट खराब होते म्हणून लोक त्यात प्लॅस्टिकची पिशवी कोंबायचे.

पहिल्या शिफ्टचा एक माणूस मात्र आपली जुनी मोटरसायकल मुद्दाम तिथेच लावायचा. शिफ्ट सुटली की निवांत सीट पुसायचा, फडकं पिळायचा आणि निघायचा. एकदा मी म्हणालो, "भाऊ, पुढे जागा रिकामी आहे की."

"माहितीय. पण दुसऱ्यानं इथं लावली की तो पाइप बुजवतो, राव. मागं पाणी तुंबलं तर भिंतच अंगावर येईल."

नाव विचारायचं राहिलं. श्रावणात तो दिसेनासा झाला. त्याच्या जागी एक नवी कोरी गाडी आली आणि पाइपात दुधाची पिशवी. मी ती ओढून काढली, तर पाण्याचा लोट थेट माझ्या छातीवर आला.

हल्ली माझ्या डब्याच्या पिशवीत एक फडकं असतं.