रुमालाखाली घेतलेला टीव्ही

अन्याय झाला तो माझ्या आईवर. कधी, तर एकोणीसशे नव्याण्णवच्या दसऱ्याला, सकाळी अकराच्या सुमारास. कुठं, तर भोरच्या बाजारपेठेत, टीव्हीच्या दुकानात, झेंडूच्या तोरणाखाली, पाच-सात माणसांच्या देखत. करणारे दोघं. एक माझे थोरले चुलते. त्यांना मी आबा म्हणते आणि त्यांच्यावर माझा आजही जीव आहे. दुसरी मी. पत्रकाच्या पहिल्या ओळीत आरोपी सांगावा आणि मग बाकीचं बोलावं, असं मला शिकवलंय. म्हणून आधी सांगून टाकलं.

आमचं गाव भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, वेल्ह्याच्या डोंगराकडं. वडील पुण्याला कारखान्यात, महिन्याकाठी एकदा यायचे. आई घरी शिवणकाम करायची. आसपासच्या चार वाड्यांची झंपरं तिच्याकडं यायची. त्याच सुमाराला बायका मापाच्या झंपराबरोबर मालिकाही घेऊन यायला लागल्या होत्या. "त्या थोरल्या सुनंची बाही हाय बघ, तसली काढ." "परवा साखरपुड्यात तिनं घातलं हुतं, तसलाच गळा." आईनं तो गळा बघितलेलाच नसायचा. मग ती संध्याकाळच्या भाकऱ्या लवकर थापून वरच्या आळीतल्या एका घरी जायची, उंबऱ्यापाशी बसायची आणि मालिकेतली रडारड सोडून नुसते गळे बघायची. त्या घरचा टीव्ही काळापांढरा. गळ्याचा आकार कळायचा, पायपिंगचा रंग कळायचा नाही. त्यात ऐन वेळी घरच्या म्हातारीला जांभई आली की ती उठून बटण बंद करायची आणि आई अर्धाच गळा डोळ्यांत घेऊन परत यायची.

"आपला घ्यायचा. रंगीत. दिवाळीच्या शिलाईच्या आत," आईनं श्रावणातच ठरवलं. पैसे तिचे होते, मशीनवर पाय मारून साठवलेले.

मी तेव्हा भोरच्या कॉलेजात अकरावीला होते. आई दोरे, अस्तर, हुक घ्यायला भोरला यायची. माझं कॉलेज सुटलं की आम्ही दोघी टीव्हीची दुकानं फिरायचो. तिनं तो टीव्ही ज्या रीतीनं ठरवला, ती रीत मी आज सभांमध्ये सांगते आणि लोक मान डोलावतात. तिची शाळा चौथीपर्यंत झालेली.

ती बाजाराच्या दिवशी दुकानात जायची नाही. दुपारी चारला जायची, दुकानदार माश्या मारत बसलेला असताना. गेल्या गेल्या भाव विचारायची नाही. आधी म्हणायची, "लावून दाखवा." दुकानदार लावायचा. लख्ख चित्र. मी हरखायची. आई विचारायची, "हे केबलवर लावलंय ना? वायर काढा अन् अँटेनावर दाखवा. केबलवर काय, माझ्या शिलाई मशिनीतबी चित्र दिसंल."

पहिल्या दुकानदाराला राग आला. दुसरा हसला, पण त्यानं अँटेना लावली नाही. तिसऱ्यानं लावली. ते दुकान भोरमधल्याच एका मुसलमान कुटुंबाचं, माणूस पस्तिशीचा, बोलायला मऊ. त्यानं विचारलं, "ताई, गाव कुठलं तुमचं?" आईनं सांगितलं. तो म्हणाला, "मग खरं सांगू का? सिंहगडावरच्या टॉवरचं तुमच्याकडं सरळ येत नाही. डोंगर मधे येतो. उंच पाइप, मोठी अँटेना आणि बूस्टर लागणार. अन् लाइटीचा दाब कमी, म्हणजे स्टॅबिलायझर. त्याशिवाय टीव्ही नेऊ नका, मला शिव्या द्याल."

तिथंच आईनं दुकान पक्कं केलं. पुढच्या तीन फेऱ्या भावाच्या. एका फेरीला एकच गोष्ट मागायची. पहिल्यांदा अँटेना टीव्हीच्या किमतीत आली, मग बूस्टर आणि वायर, शेवटी स्टॅबिलायझर आणि घरी येऊन लावून देणं. एसटीची वेळ झाली की ती उठायची, आणि दुकानदार दारापर्यंत येऊन म्हणायचा, "बसा हो ताई, तुमची गाडी वेळेवर सुटल्याचं मी कधी बघितलं नाही." शेवटी बारा हजार आठशेला सगळं मिळून ठरलं. त्यानं एका कोऱ्या कागदावर यादी लिहिली, खाली आकडा लिहिला आणि कागद आईच्या हातात दिला. त्या दिवशी परतीच्या एसटीत आई खिडकीपाशी बसून अख्खा घाट गालातल्या गालात हसत होती. तिला तसं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

आता आबा.

आबांशिवाय आमच्या खोऱ्यात बैल विकला जायचा नाही. बाजारात त्यांना लांबून हाका मारायचे. ते बैलाच्या भोवती एकदा फिरायचे, दात बघायचे, पाठीवर थाप मारायचे आणि खांद्यावरचा रुमाल काढून समोरच्याच्या हातावर टाकायचे. मग रुमालाखाली बोटांनी सौदा. जितकी बोटं धरली तितके शेकडे, पंजा दाबला की पाच. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही. बघणाऱ्यांना फक्त रुमाल हललेला दिसायचा. लहानपणी त्यांच्याबरोबर बाजाराला गेले की मी त्या रुमालाकडं बघत राहायची. जगात याहून मोठी कला नाही असं मला वाटायचं.

घरात मोठी वस्तू यायची तर ती थोरल्यानं आणायची, हा रिवाज. आणि धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, हा दुसरा. त्यांचं बोलणं माझ्यातून चालायचं. आबा ओट्यावरून म्हणायचे, "आईला सांग, चहात साखर कमी टाक." आई आतून म्हणायची, "सांग, डबाच रिकामा झालाय." दोघांमध्ये दहा पावलांचं अंतर.

दसऱ्याच्या सकाळी जीप ठरली. निघताना आईनं तो कागद माझ्याकडं दिला. "आबांना दे. म्हणावं, समदं ठरलंय, निस्तं पैसं द्यायचं अन् उचलायचं." मी दिला. आबांनी कागद उलगडला, क्षणभर बघितला, घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवला.

"कागदावर कुठं सौदा हुतो व्हय गं?" म्हणाले. "चल, बस."

दुकानात गर्दी होती. आमचा तो दुकानदार गिऱ्हाइकांत अडकलेला आणि गल्ल्यावर त्याचे वडील बसलेले, सत्तरीचे, पांढरी दाढी. आबांनी आत येऊन मी दाखवलेल्या टीव्हीभोवती एक चक्कर मारली. वाकून मागची बाजू बघितली. वरून थाप मारली.

"खोड न्हाई ना काही?"

म्हातारा हसला. "गरीब जनावर आहे. दाव्याला ओढ घेत नाही."

आबा चमकले. "चाचा, बाजार केलाय वाटतं कधी?"

"पंधरा वर्षं. शेळ्या, बोकड. पोरानं हे दुकान काढलं अन् आम्हाला खुर्चीत बसवलं."

"मग तोंडानं कशाला बोलायचं?" आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला.

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला की मला ते अजून दिसतं. त्यानं बाही वर सारली आणि हात पुढं केला. दुकान गप्प झालं. टीव्ही घ्यायला आलेली माणसं टीव्ही सोडून रुमाल बघायला लागली. "बारा हजाराच्या वरचं बोला," म्हातारा म्हणाला आणि दोघांनी डोळे मिटल्यासारखे केले. रुमाल हलला, थांबला, पुन्हा हलला. आबांनी मान नाही म्हणून हलवली. म्हाताऱ्यानं हात काढून घेतल्यासारखं केलं आणि काढला नाही. किती सुंदर होतं ते! संतापानं लिहायला बसले तरी हे मला लपवता येत नाही. दोन म्हातारे हात एका रुमालाखाली आपलं जुनं आयुष्य बोलत होते.

आई दारापाशी, वॉशिंग मशीनच्या खोक्याआड उभी होती, डोक्यावर पदर. तिनं माझ्या दंडाला चिमटा काढला. "अगं, बूस्टरचं बोल की."

मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस घेतलेली मुलगी. मी बोलले नाही. एवढ्या माणसांत आबांचा रुमाल मध्येच कसा उचलायचा?

"झाला!" म्हातारा ओरडला. बारा हजार तीनशे. पाचशे कमी. आबांनी मिशीवरून हात फिरवला. पेढे आले. तेवढ्यात मुलगा गर्दीतून मोकळा होऊन आला, आईला बघून थबकला आणि म्हणाला, "ताई, तुमचं जे ठरलं होतं, त्यात अँटेना, बूस्टर..."

"ठरलंय आमचं," आबा म्हणाले. "हातावर ठरलंय."

म्हाताऱ्यानं मुलाकडं बघितलं. "बेटा, हातात जे बोललं ते. हातात अँटेना कुठं बोलली?"

मुलानं माझ्या आईकडं बघितलं. एक शब्द पुरला असता. आईनं पदर पुढं ओढला. मी पेढा खाल्ला.

टीव्ही घरी आला. हळदकुंकू झालं, नारळ फुटला, अर्धी आळी ओट्यावर जमली. बटण दाबलं. पडद्यावर मुंग्याच मुंग्या. कुणी तरी आपली जुनी अँटेना आणली. आबा स्वतः कौलांवर चढले आणि बांबू फिरवायला लागले.

"आलं का?"

"न्हाई!"

"आता?"

"आलं आलं! गेलं! आबा, मगाचच्या जागी न्या!"

"मगाचची कंची?"

"एक बाई दिसती. दोन दिसत्यात!"

"दोन न्हाई गं, तीन. तिघीबी एकच हाय!"

लोक पोट धरून हसत होते. आईही हसली. मग आत जाऊन मशीनवर बसली.

दोन दिवसांनी आम्ही दोघी दुकानात गेलो. दुकानदारानं खुर्ची दिली, चहा सांगितला. "ताई, त्या दिवशी तुम्ही तोंड उघडलं असतं तर मी अब्बांना थांबवलं असतं. आता त्यांनी हात दिलाय. मला मोडता येत नाही." त्यानं वायर फुकट दिली आणि अँटेना खरेदीच्या भावात. तेवढेच पैसे आईकडं उरले होते. बूस्टर संक्रांतीला आला. स्टॅबिलायझर त्याच्याही नंतर. वाचलेल्या पाचशेच्या तिप्पट गेले.

पण पैशाचं जाऊ द्या. दिवाळीची शिलाई हातची गेली. खालच्या वाडीतली एक नवी नवरी गडद मरून रंगाचं कापड घेऊन आली होती. मागं नाडी, नाडीला लटकन, मालिकेत होतं तसं. आईनं तिला आमच्या टीव्हीपुढं बसवलं. नुसत्या अँटेनावर एका बाईच्या तीन बाया दिसल्या, गळा दिसला नाही. पोरगी ओशाळून म्हणाली, "राहू दे मामी, भोरला टाकते." तिच्या मागोमाग तिच्या जावा गेल्या. आई पुन्हा वरच्या आळीच्या उंबऱ्यापाशी जाऊन बसायला लागली, आपल्या घरी नवाकोरा रंगीत टीव्ही असताना. म्हातारीनं विचारलंच, "का गं, तुजा बैल चालंना व्हय?"

आबा मात्र पाचशे कमी केल्याची गोष्ट लग्नांत, बारशांत, एसटीत सांगत राहिले. आई त्यांना चहा पाठवायची आणि ऐकून घ्यायची.

गेल्या वर्षी मला राहवलं नाही. मी आता ग्राहकांच्या कामात आहे. गावोगाव पत्रकं वाटते, पावती मागा, वॉरंटीवर शिक्का मारून घ्या, म्हणून ओरडते. आबा थकलेत. ओट्यावर बसून होते. मी समोर बसून सगळं काढलं. बूस्टर, दिवाळी, ती नवरी, वरच्या आळीचा उंबरा. म्हटलं, "आईनं सगळं ठरवून दिलं होतं. यादी तुमच्या खिशात होती. तुम्ही वाचून खिशात घातलीत."

आबांनी रस्त्याकडं बघितलं.

"मला वाचता कुठं येतं?"

त्यांची सही मी शंभर वेळा बघितली होती. वळणदार. सोसायटीच्या कागदांवर, माझ्या शाळेच्या दाखल्यावर.

"सही तेवढी शिकलो. बाकी कुणाला कळू दिलं न्हाई," ते म्हणाले. "एवढं हुतं कागदात? मग तू का न्हाई वाचलंस? तू शिकलेली हुतीस की."

आई आत मशीनवर होती. मशीन थांबलेलं होतं. तिला माहीत होतं का, हे मी विचारलं नाही. आबांनी मान वळवली आणि आतल्या दाराकडं बघून, माझ्यातून न जाता, पहिल्यांदा थेट आईला म्हणाले, "पोरी, मला कळलं न्हाई बग."

मग मशीन सुरू झालं.

तर तुम्हाला सांगते. तुम्हाला वाचता येतं, नाही तर इथपर्यंत आला नसता. या दिवाळीत तुमच्याही घरात काही तरी मोठं येणार आहे, आणि ते आणायला घरातलं कुणी तरी मोठं माणूस जाणार आहे. त्याच्याबरोबर जा. कागद खिशात जायच्या आत सगळ्यांना ऐकू येईल असा, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मोठ्यानं वाचा. माणसं बघतील, बघू द्या. आणि जिनं पैसे साठवलेत तिला खोक्याआडून पुढं बोलवा, खुर्ची द्या, विचारा, "अजून काय राहिलं?" ती बोलेपर्यंत पैसे मोजू नका.