टाकीवरच्या शेवंताबाई

अंथुर्ण्याच्या बालवाडीतल्या शेवंताबाई, वय पन्नाशीपार, रोज पहाटे पाण्याच्या टाकीवर चोरून कुणाला तरी भेटतात, अशी ब्याण्णव साली गावात कुजबुज होती. शेजारच्या रंगुबाईनं तर पाळतच ठेवली.

"बाई, वर हाय तरी कोण?"

"हाय एक. तुला न्हाय दिसायचा," शेवंताबाई हसल्या. हिमालयात चढाईला जाणार हे खरं सांगावं आणि अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं, तर गाव जन्मभर चिडवील, ही धास्ती.

फौजेतल्या जावयानं गढवालचा वाटाड्या चंदरसिंग फोनवर गाठून दिला होता. तो हिंदीत म्हणाला होता, "माताजी, चढाची सवय करून या. दम लागला तर मी मागं फिरवीन." पण अंथुर्ण्यात चढ कुठला? उंच म्हणजे ऊस, नाहीतर टाकी.

बर्फातल्या खिंडीत पोचल्यावर शेवंताबाईंनी कडक भाकरीचा पहिला तुकडा चंदरसिंगला दिला. "भाऊ, तुमी खडसावलं म्हणून पोचले." त्याला मराठी कळली नाही, पण भाकरी त्यानं दोन्ही हातांनी घेतली.

गावी येऊन त्यांनी रंगुबाईचेही आभार मानले. "तू पाळतीवर होतीस बये, म्हणून एक पहाट चुकवता आली न्हाय."

टाकीवर कुणीच नव्हतं. बाई जिना चढायचा सराव करत होत्या.