पिवळ्या पट्टीच्या आत

चाकणच्या कारखान्यातला माझा हुद्दा मोठा लांबलचक आहे, पण अर्थ एवढाच की जे बरं चाललंय त्यात सुधारणा शोधायची. कामगाराला पान्यासाठी दोन पावलं टाकावी लागत असतील, तर पाना अलीकडे आणायचा. ट्रॉली कुठं उभी राहील ते जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवून ठरवायचं. वर्षानुवर्षं हे केलं की घरी आल्यावरही डोळे मिटत नाहीत. स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्यात मी एकदा प्रत्येक वाटीला लेबल लावलं होतं. "मोहरी दिसते मला, आंधळी नाहीये मी," असं म्हणून बायकोनं संध्याकाळपर्यंत सगळी लेबलं खरवडून काढली.

अशा माणसाच्या घरात जनावर आणू नये. पण ते आणायचं तिच्याच मनात आलं.

आईचं आजारपण आमच्याकडे बरीच वर्षं चाललं. केलं सगळं बायकोनं. मी शिफ्ट केल्या. मग आई गेली, मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला, आणि शाळेत शिकवून आल्यावर बायको थेरगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये नुसती बसून राहायला लागली. टीव्ही नाही, फोन नाही. दिवासुद्धा अंधार पुरता झाल्यावर लावायची. एका रविवारी चहा गाळता गाळता म्हणाली, "अहो, मला एक मांजर हवंय."

"पिल्लू?"

"छे. माझ्याच्यानं आता कुणाला वाढवणं व्हायचं नाही. म्हातारं बघू. नुसतं येऊन बसेल असं."

लग्न झाल्यापासून तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवेना. मी लगेच हो म्हणालो. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात रात्रपाळी होती, आणि पन्नाशीनंतर रात्रपाळीच्या आठवड्यात हो म्हणायला कमी श्रम पडतात.

काळेवाडीला एक मुलगी रस्त्यावरची, टाकून दिलेली मांजरं सांभाळते असं बायकोच्या शाळेत कुणीतरी सांगितलं. ती हिंजवडीत आयटीत होती. कॅबमधून उतरायची आणि रात्रीपर्यंत मांजरांचं करायची. तिच्या घरी भिंतीला लागून पिंजरे रचलेले होते. आम्हाला तिनं समोर बसवलं आणि अशी मुलाखत घेतली, की मला माझ्या पहिल्या नोकरीची आठवण झाली. ती थोडक्यात हातची जाता जाता राहिली होती.

"काका, बाल्कनीला जाळी आहे?"

"आहे. कबुतरांसाठी लावलेली."

"चालेल. हिला बाहेर सोडायचं नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही. तुम्ही काय करता?"

मी हुद्दा सांगितला.

"म्हणजे नक्की काय करता?"

"ते विचारू नकोस गं," बायको म्हणाली, "ते करून दाखवतील."

मांजर पांढरी-राखाडी होती, एका कानाचं टोक कापलेलं, वरचा एक सुळा गेलेला. तिनं आमच्याकडे एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडे करून बसली. मुलीनं तिला ठेवलेलं नाव इंग्रजी होतं. बायको तिथल्या तिथं तिला म्हातारी म्हणायला लागली.

"हिला दोन घरांनी परत पाठवलंय," मुलगी म्हणाली. "कुठंही घाण करते म्हणून. ती घाण करत नाही काका, ती घाबरते. हा वाळूचा ट्रे एका जागी ठेवायचा. हीच वाळू, हेच खाणं. महिनाभर काहीही बदलायचं नाही. महिन्यानं मी येईन, नीट असली तर तुमची. पण तिसऱ्यांदा परत आली तर मी परत कुणाला देणार नाही. मग राहील इथंच." तिनं पिंजऱ्याकडे हात केला.

"काहीही बदलायचं नाही," बायकोनं तेवढंच पुन्हा म्हटलं. माझ्याकडे बघून.

घरी आल्याबरोबर म्हातारी हॉलमधल्या दिवाणाखाली गेली. बायकोनं ट्रे बेडरूमच्या दारामागच्या कोपऱ्यात ठेवला. पहिल्याच संध्याकाळी म्हातारी भिंतीच्या कडेकडेनं गेली, ट्रेमध्ये काम उरकलं, वाळू ओढली आणि परत दिवाणाखाली. म्हणजे सगळं व्यवस्थित होतं. आणि व्यवस्थित दिसलं की माझे हात शिवशिवतात.

मी हार्डवेअरच्या दुकानातून पिवळी पट्टी आणली. खाण्याच्या वाटीभोवती चौकोन, पाण्याच्या वाडग्याभोवती चौकोन, ट्रेभोवती मोठा चौकोन. एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण दिवाणावर पडल्या पडल्या मला दिसायला लागलं की दिवाण ते ट्रे हे अंतर फार आहे. म्हातारं जनावर, तिला कशाला एवढी पायपीट? मी ट्रे हॉलमध्ये टीव्हीखाली आणला. नवा चौकोन. मग पाहुणे आल्यावर बरं दिसत नाही म्हणून बाथरूमबाहेर. आणखी एक चौकोन. तिथं पाणी उडतं म्हणून शेवटी ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी.

"अहो, ती पोरगी काय म्हणाली होती?" बायकोनं विचारलं. तिच्या मांडीवर पेपरांचा गठ्ठा होता, परीक्षा चालू होत्या.

"बदल नाही केला. सुधारणा केलीय."

तिनं लाल पेन उचलून पुढचा पेपर तपासायला घेतला. वाद घालायलाही अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं.

वॉशिंग मशीन कपडे पिळताना किती हादरतं हे मला माहीत होतं. त्याच्या शेजारी बसून कुणाला कोणती कामं करायची असतील, एवढा विचार मात्र डोक्यात आला नव्हता.

त्या आठवड्यात मला पहिली शिफ्ट होती आणि जबरदस्त सर्दी. पहाटे झोपेतच उठलो, झोपेतच चहा प्यायलो, दाराजवळचे सेफ्टी शूज घातले. उजवा बूट जरा ओला लागला. बायकोनं रात्री फरशी पुसली असेल म्हणून मी जाड मोज्यासकट पाय आत दाबला आणि कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसलो.

मोशीच्या पुढं बस नेहमीसारखी अडकली. सकाळची उन्हं काचेतून पायावर यायला लागली. माझ्या मागच्या सीटवर लातूरकडचा एक फिटर बसतो. तो पुढं वाकला.

"साहेब, कायतरी वास यायलाय."

"कसला?" माझं नाक पूर्ण बंद होतं.

"उग्र यायलाय हो. अमोनियासारखा."

कारखान्यात कसलाही बिघाड झाला की लगेच मूळ कारण सांगायची मला सवय आहे. मी म्हणालो, "बाहेरून येत असेल. नाला आहे ना इथं."

सगळ्यांनी भराभर खिडक्या लावल्या.

त्यानंतर जे झालं ते मला फार आठवायचं नाही. पुढच्या सीटवरच्या एकानं नाकाला रुमाल लावला. ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, कुणाचा डबा सांडला का? फिटर मात्र चिकाटीचा माणूस. तो खाली वाकून सीटखालून हुंगत हुंगत पुढं आला आणि माझ्या उजव्या बुटापाशी थांबला. वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आदरसुद्धा नव्हता.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "तब्येत बरी हाय ना?"

"मांजर," मी म्हणालो. "मांजर आहे घरी."

"व्हय का," तो म्हणाला, आणि मी खोटं बोलतोय अशा खात्रीनं माझ्या खांद्यावर थोपटलं. शिफ्टभर मी भांडारातून मागून आणलेल्या गमबुटात फिरलो. ज्याला त्याला "मांजर आहे घरी" सांगत राहिलो. दुपारपर्यंत ते वाक्य माझंच मला खरं वाटेना.

घरी येऊन हे सगळं मी बायकोला रंगवून सांगितलं. ती हसेल अशी माझी खात्री होती. ती हसली नाही. दिवाणाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "फोन करून टाका त्या पोरीला. घेऊन जा म्हणावं."

"अगं, बूट धुतो मी."

"बुटाचं नाही हो. आज बूट, उद्या गादी. दोन घरांत असंच झालं असेल. मला आता पुन्हा चादरी धुवायच्या नाहीत." आईच्या शेवटच्या वर्षात ती डॉक्टरांशी ज्या आवाजात बोलायची, तोच हा आवाज होता. वर नाही, खाली नाही. तिच्या पायाखाली, दिवाणाच्या अंधारात, म्हातारीचे दोन डोळे दिसत होते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्यावर माझ्याकडे उत्तरं आहेत.

"रविवारी ती येणारच आहे," मी म्हणालो. "तोपर्यंत राहू दे."

बायकोनं वाकून दिवाणाखाली बघितलं. "मग तोपर्यंत तुम्ही काहीही करायचं नाही. जमेल?"

ट्रे मी पुन्हा बेडरूमच्या दारामागे नेला, तिनं पहिल्यांदा ठेवला होता तिथं. एवढं एक करायची परवानगी होती. फरशीवरच्या पट्ट्या काढायला लागलो तर म्हणाली, "राहू द्या. त्या काढणं म्हणजे पण काहीतरी करणंच झालं." रिकामे पिवळे चौकोन घरभर तसेच राहिले, बाजार उठून गेल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी मी सर्दीच्या नावावर रजा टाकली. बायको शाळेत. मी दिवाणावर पडलो. खाली म्हातारी, वर मी. आयुष्यात इतकं काहीही न करण्याचा मला सराव नव्हता. पंखा एका बाजूला किंचित लचकत होता. बाल्कनीच्या जाळीला धूळ धरली होती. दिवाण भिंतीपासून वीतभर पुढं घेतला असता तर खाली वारा खेळला असता. मी दोन्ही हात पाठीखाली दाबून धरले.

तसाच कधीतरी डोळा लागला. जागा झालो तो खरखर आवाजानं. कुणीतरी वाळू उकरत होतं. बेडरूमच्या दारामागून येत होता आवाज. मी मान वळवली नाही, श्वाससुद्धा बेतानं घेतला. उकरणं, मग शांतता, मग पुन्हा वाळू ओढणं, अगदी सावकाश, घाई कसलीच नाही.

बायकोला फोन केला. मधली सुट्टी असावी, मागे मुलांचा गलका होता.

"झालं," मी म्हणालो.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"मला नाही. तिला. झालं."

"कुठं?"

"जागेवर."

ती फोन घेऊन वर्गाबाहेर गेली असावी. गलका कमी झाला. मग म्हणाली, "तुम्ही उठला तर नाहीत ना?"

"नाही."

"उठू नका," ती म्हणाली. "मी येतेच."

नंतरच्या दिवसांत सगळं ट्रेमध्येच झालं. तरी रविवारी ती मुलगी आली तेव्हा बायको चहात साखर घालायला विसरली आणि चहा संपेपर्यंत ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. मुलीनं ट्रे बघितला, वाळू बघितली, जाळी हातानं ओढून बघितली. मग हॉलच्या मध्यभागी उभी राहिली.

"काका, हे फरशीवर काय आहे?"

"पार्किंग," बायको म्हणाली.

बूट आणि बस असं सगळं मी सांगून टाकलं. लपवून उपयोग नव्हता, बूट बाल्कनीत वाळत होते. मुलगी ऐकत गेली तसा तिचा चेहरा गंभीर होत गेला. "म्हणजे ट्रे तीनदा हलवला," ती म्हणाली. "काका, मी सांगितलं होतं तुम्हाला."

बायको पदराशी चाळा करत होती. मी म्हणालो, "चूक माझी आहे. हिला..." हिला म्हणजे मांजरीला की बायकोला, ते मलाच कळेना, म्हणून गप्प बसलो.

तेवढ्यात दिवाणाखालून म्हातारी बाहेर आली. दिवसाढवळ्या, माणसांसमोर, पहिल्यांदाच. कुणाकडेही न बघता हॉल ओलांडून टीव्हीखालच्या रिकाम्या चौकोनाकडे गेली. आत पाय ठेवला, एक गिरकी घेतली आणि पिवळ्या पट्टीच्या बरोबर मध्ये शेपटी पायाशी गुंडाळून बसली. एक पंजा चाटला. मग डोळे मिटले.

आम्ही तिघं तिच्याकडे बघत उभे होतो.

"हे कोणी शिकवलं हिला?" मुलीनं विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा श्रेय घेतलं नाही.

मुलीनं पिशवीतून वाळूचा आणखी एक पुडा काढून टेबलावर ठेवला. "ही संपली की हीच आणायची. दुसरी नाही." म्हणजे म्हातारी आता आमची, हे बायकोला आधी कळलं. ती आत गेली आणि बराच वेळ ओट्यावर भांड्यांचा आवाज करत राहिली.

आता संध्याकाळी बायको शाळेतून आली की दिवा लावते, कारण अंधारात चौकोनातल्या म्हातारीवर पाय पडतो. बायको चौकोनाच्या एका बाजूला पेपर घेऊन फरशीवरच बसते. शिफ्ट संपवून आलो की मी दुसऱ्या बाजूला आडवा होतो. पट्टीचं एक टोक उचकटून वर आलंय. नुसतं अंगठ्यानं दाबलं तरी नीट बसेल.

"अहो," बायको पेपरातून मान वर न करता म्हणते.

मी हात पाठीखाली घेतो.